एका बंधाऱ्याआड तीन गावं : खारेपाटातलं एक प्रकरण

धरमतरच्या खाडीला लागून अलिबाग आणि पेण तालुक्यांचा जो सखल पट्टा आहे, त्याला खारेपाट म्हणतात. इथली बरीचशी भातशेती उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बंधारा. तो आहे म्हणून शेत आहे, शेत आहे म्हणून तळ्यात गोडं पाणी आहे, आणि तळं आहे म्हणून गाव आहे.

हे प्रकरण अशाच एका बंधाऱ्याआडच्या तीन वस्त्यांचं. दोन बाजूंना खाडी, तिसऱ्या बाजूला तिचा फाटा आणि चौथ्या बाजूने जाणारा रस्ताही भरावावरून. सरकारी नकाशावर याला बेट म्हटलेलं नाही, पण उधाणाच्या दिवशी ते बेटच असतं. काही जमिनींचे दावे अजून चालू असल्याने गावांची नावं देत नाही. थोड्या उंचीवरचं ते वरचं गाव, शेतीच्या मधोमध असलेलं ते मधलं गाव आणि खाडीच्या काठचा कोळवाडा, एवढ्यावर भागेल. वरच्या आणि मधल्या गावात मुख्यतः आगरी शेतकरी आहेत. कोळवाड्यातल्या बहुतेकांच्या नावावर शेतजमीन नाही.

बंधारा कसा चालतो

पुढचं सगळं समजायचं तर उघाडी समजून घ्यावी लागते. बंधाऱ्यात ठरावीक ठिकाणी दगडी मोरी असते आणि खाडीच्या बाजूने तिला वरून टांगलेलं लाकडी दार असतं, त्याला झापा म्हणतात. भरती चढू लागली की खाडीचं पाणीच झापा दाबून बंद करतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी आतून झापा ढकलतं आणि बाहेर पडतं. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पण झाप्याच्या कडेला कालव चिकटले किंवा मध्ये एखादं ओंडकं अडकलं की दार पुरतं बसत नाही. बोटभर फटीतून एका भरतीला किती पाणी आत येतं हे ज्याने पाहिलंय, तो झाप्याची कड हाताने चाचपल्याशिवाय घरी जात नाही. मधल्या गावातले एक आजोबा अजूनही डोळे मिटून झाप्याच्या चारही कडांवरून बोटं फिरवतात आणि जिथे धार लागते तिथे चिखलात मळलेला काथ्या कोंबतात.

दुसरा शत्रू खेकडा. तो बंधाऱ्यात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपू लागतं, झिरपता झिरपता माती वाहून जाते आणि एका उधाणाला तिथेच बंधारा बसतो. याला खांड पडणं म्हणतात. खांड क्वचितच एकाएकी पडते. तिच्याआधी काही आठवडे आतल्या पायथ्याशी ओल दिसते. ती ओल त्याच वेळी पाहिली तर चार माणसं, दोन घमेली आणि अर्धा दिवस एवढ्यात काम होतं. नाही पाहिली तर पुढे जे होतं ते या प्रकरणात आहे.

पूर्वी ही ओल पाहणारी माणसं होती. खारेपाटात जोळ नावाची पद्धत होती. ज्याची जितकी जमीन, त्याने बंधाऱ्याचा तितका तुकडा राखायचा आणि मोठी खांड पडली तर घरटी माणूस द्यायचा. १९४८ मध्ये मुंबई राज्याचा खारभूमी कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास अधिनियम आला. सरकारने बंधारे बांधले, दगडी अस्तर केलं, पक्क्या उघाड्या बसवल्या. यातलं बरंचसं काम चांगलं होतं आणि गावाच्या कुवतीबाहेरचं होतं. पण त्याबरोबर लोकांच्या मनात बंधारा सरकारचा झाला. जोळ कोणी बंद केली नाही. तरणी मुलं कारखान्यात आणि मुंबईला कामाला लागली, आणि ओल पाहायला जाणं हे कोणाचंच काम उरलं नाही.

खांड

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर चढलं होतं. निसर्गने छपरं आणि बागा नेल्या आणि त्याचे पंचनामे झाले. बंधाऱ्याचं झालेलं नुकसान डोळ्यांत भरण्यासारखं नव्हतं. बाहेरच्या अंगाचे काही दगड निखळले होते, एवढंच. तौक्तेच्या लाटांनी त्याच जागेची माती खाल्ली. शिवाय खाडीतून रोज ये-जा करणाऱ्या मालवाहू बार्जेसच्या लाटा आणि पंपाने होणारा वाळूउपसा यांमुळे काठ खचतोय, अशी गावकऱ्यांची जुनी तक्रार होतीच. २०२१ च्या पिठोरी अमावास्येच्या उधाणाला, भात फुलोऱ्यावर असताना, बंधारा तिथे बसला.

पहिल्या दिवशी खांड एका माणसाने उडी मारून ओलांडावी एवढी होती. तिसऱ्या दिवशी तिच्यातून होडी जात होती. खांडीतून जितकं पाणी आत शिरतं तितकंच ओहोटीला जोराने परततं आणि जाताना दोन्ही कडा कापत नेतं. म्हणून खांडीच्या बाबतीत पहिला आठवडाच महत्त्वाचा. त्या आठवड्यात काय झालं? अर्ज झाला. कार्यालयातून माणूस येऊन पाहून गेला. अंदाजपत्रक करू, मंजुरीला पाठवू, निधी आला की निविदा काढू, असं उत्तर मिळालं. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात तेवढंच होतं. पण भरती दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते आणि मंजुरीला मार्च लागतो. या दोन वेळापत्रकांत जी दरी आहे, तिच्यात खारेपाटातली शेतंच्या शेतं गेली आहेत.

नुकसानभरपाईचा मार्गही अडलेलाच होता. राष्ट्रीय आपत्ती निधीसाठी केंद्राने ज्या बारा आपत्ती मान्य केल्या आहेत त्यांत चक्रीवादळ आहे, पूर आहे, ढगफुटी आहे, अगदी हिमस्खलनही आहे. बंधारा फुटून भरतीचं खारं पाणी शेतात शिरणं त्यांत नाही. वादळाच्या दिवशी बंधारा फुटला असता तर गोष्ट वेगळी होती. तो फुटला चार महिन्यांनी, निरभ्र दिवशी.

तिघांचे तीन हिशोब

एवढं झाल्यावर तिन्ही वस्त्या एकत्र येतील असं बाहेरच्याला वाटेल. तसं झालं नाही, आणि का झालं नाही हाच या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

मधल्या गावाचं भात गेलं होतं, म्हणून त्यांना खांड ताबडतोब बुजवायची होती. वरच्या गावाची निम्मी जमीन उंचावर होती, पाणी तिथवर पोचत नव्हतं. ज्यांची खालची जमीन बुडाली त्यांतले बरेच ठाण्या-मुंबईला राहणारे. त्यांच्याकडे दलाल फिरू लागले होते. जमीन आता पडीकच आहे, मिळेल त्या भावाला द्या, उद्या कोणी विचारणार नाही, असं सांगणं चालू होतं. कोळवाड्याला तर खांडीने काही महिने हात दिला. आत-बाहेर करणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बोय आत येऊ लागली. खांडीच्या तोंडाशी जाळं लावलं की रोजची चूल पेटत होती. ज्यांच्याकडे जमीन नाही, ज्यांची खाडीतली मासळी वर्षानुवर्षं कमी होत चालली आहे, त्यांनी दुसऱ्याच्या भातासाठी ही कमाई का सोडावी? हा प्रश्न कोळवाड्यातल्या एका तरुणाने भर बैठकीत विचारला आणि त्यावर मधल्या गावाकडे उत्तर नव्हतं. बैठक भांडणावर संपली.

पुढच्या पावसाळ्यात, २०२२ मध्ये, चौथा पक्ष आला. खांडीजवळच्या खालच्या शेतांत तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रोपं उगवली. भरतीबरोबर बी येतं, चिखलात रुजतं आणि वर्षभरात गुडघ्याएवढं होतं. तिवर ही खाडीची ढाल आहे आणि बंधाऱ्याच्या बाहेरच्या अंगाला तिवरांचा पट्टा असला तर लाटांचा मार कमी बसतो, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण शेतात उगवलेल्या तिवराचा अर्थ निराळा. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभरात कांदळवन तोडायला बंदी केली आहे. जमीन सरकारी असो वा खाजगी, कांदळवनाला आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. निकाल योग्यच आहे, तो नसता तर मुंबईच्या आजूबाजूला आज काय उरलं असतं ते सांगायला नको. राज्यातलं कांदळवन २०१३ च्या वन सर्वेक्षणात १८६ चौरस किलोमीटर होतं, ते २०२१ च्या अहवालात ३२४ झालं. पण ज्याचा बंधारा दुरुस्तीअभावी फुटला, त्याच्या शेतात उगवलेली रोपंही त्याच कायद्याखाली येतात. नावावर सातबारा राहतो, शेत मात्र जातं. खांड जितका काळ उघडी राहील तितकी ही रेषा आत सरकत जाणार होती.

तळं

तिढा सुटला तो भाताने नाही, पिण्याच्या पाण्याने. खारेपाटात गोड्या पाण्याची टंचाई पिढ्यानपिढ्यांची आहे. नळयोजना आहे, पण शेवटच्या गावाला पाणी येईलच याचा भरवसा नाही. मधल्या गावाचं तळं हा तिन्ही वस्त्यांचा आधार. कोळवाड्यातल्या बायका उन्हाळ्यात तिथूनच हंडे नेतात. खांड पडल्यावर पहिल्या पावसाळ्यात तळं तगलं. २०२२ च्या दिवाळीनंतर त्याचं पाणी मचूळ लागू लागलं, आणि पुढे पुढे त्यात डाळ शिजेना.

पुढची बैठक पुरुषांनी बोलावली नव्हती. दोन वस्त्यांतल्या बायका तळ्यावर रोज भेटत होत्या, त्यांनीच ती ग्रामदेवीच्या देवळात भरवली. कोळवाड्यातली एक मावशी मधल्या गावच्या माणसांना म्हणाली, "भात तुमचा गेला, पानी आमचा पन गेला." तिने पुढे जे मांडलं ते फार व्यवहारी होतं. खांड बुजवायला कोळवाडा येईल. पण मासळीची जी सोय खांडीने झाली, ती उघाडीवर कोळवाड्याला मिळाली पाहिजे.

गोव्यात हे आधीपासून होत आलं आहे. मांडवीतल्या चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर अशीच खाजण शेती आहे. तिथे उघाडीला मानस म्हणतात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क दरवर्षी लिलावात दिला जातो आणि आलेला पैसा बांधाच्या देखभालीला वापरायचा असतो. ही माहिती बैठकीत आली तेव्हा तिची दुसरी बाजूही आली. लिलाव घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असते, म्हणून तो खारं पाणी गरजेपेक्षा जास्त आत घेतो आणि शेतं खारवतात, अशी तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. म्हणून इथे ठरलं की मासळी कोळवाड्याची, पण झापा उचलायचा अधिकार समितीचा. भात शेतात असताना खारं पाणी आत घ्यायचं नाही. कापणीनंतर किती घ्यायचं ते दोन्ही बाजूंची माणसं उघाडीवर उभी राहून ठरवतील.

समिती कोणाची, यावरही बराच खल झाला. सातबाऱ्यावर नाव असेल तो सभासद, असा पहिला प्रस्ताव होता. त्याने कोळवाडा तर बाहेर राहिलाच असता, पण मधल्या गावातल्या बायकाही राहिल्या असत्या, कारण सातबाऱ्यावर नावं बापांची आणि नवऱ्यांची. शेवटी दोन मापं ठरली. काम किंवा मजुरीचा पैसा गुंठ्यांप्रमाणे, जुन्या जोळीसारखा. पाण्याचे निर्णय मात्र घरटी एक मत, आणि ते मत घरातल्या कोणीही द्यावं. या प्रकरणातून दुसरीकडे काही न्यायचं असेल तर मी हे दुहेरी माप आधी नेईन. जमिनीच्या मालकीवर बेतलेल्या समित्या कोकणात किती तरी ठिकाणी याच एका गाठीवर अडतात. बंधाऱ्याआड राहणारा प्रत्येक जण खाऱ्या पाण्याचा वाटेकरी असतो, त्याची जमीन असो वा नसो.

अष्टमी

भरतीची वेळ काढायचा कोकणातला ढोबळ हिशोब म्हणजे तिथीच्या पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. खांड बुजवायला याहून चांगला दिवस नाही. दिवसाउजेडी, पाणी उतरलेलं आणि संध्याकाळची भरती सौम्य.

२०२३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर काम काढलं. वनखात्याला आधी कळवलं होतं आणि उगवलेल्या तिवरांना हात लावायचा नाही हे लेखी दिलं होतं. यासाठी बंधाऱ्याची रेषा जुन्या जागेवरून न नेता आतून वळसा घालून न्यावी लागली. या वळशाची किंमत कोणी मोजली ते पुढे येईलच.

आधीच्या चार-पाच दिवसांत दोन्ही कडा बांधून खांड अरुंद करत आणली होती. बांबूच्या दोन ओळी चिखलात ठोकल्या, मध्ये पेंढ्याचे भारे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेली माती. बाहेरच्या अंगाला होड्यांतून दगड आणला तो कोळवाड्याने. चिखल कुठून घ्यायचा याबद्दल म्हातारी माणसं फार कडक होती. बंधाऱ्याच्या पायथ्याजवळ खड्डा केला तर पुढच्या पावसात बंधारा त्याच खड्ड्यात उतरतो, म्हणून लांबूनच आणायचा. घमेल्यांची रांग लागली. चिखल नुसता टाकून चालत नाही. प्रत्येक थर पायांनी तुडवून आतली हवा काढावी लागते, नाहीतर तिथेच झिरपा लागतो. हे तुडवण्याचं काम बायकांनी एकमेकींचे हात धरून, एका लयीत केलं. शेवटची होडीभर रुंदीची फट ओहोटी तळाला असताना बंद करायची होती. ती बंद झाली तेव्हा पाणी परत फिरायला लागलं होतं.

आठवड्याने पौर्णिमेचं उधाण आलं आणि नवं काम जुन्या बंधाऱ्याला जिथे मिळत होतं, त्या सांध्यातून पाणी फुटलं. जुनी कोरडी माती आणि नवा ओला चिखल एकमेकांना धरत नाहीत. नवं काम सुकून आकसलं आणि मध्ये चीर पडली. सुदैवाने आता रोज फिरणारी माणसं होती, त्यामुळे मोठं भगदाड पडायच्या आत गोण्या पडल्या. पुढच्या अष्टमीला जुन्या बंधाऱ्याच्या कडेला पायऱ्या कापून नवा चिखल त्यांत गुंतवला, म्हणजे सांधा सरळ राहणार नाही. तो टिकला. वर्षभराने खारभूमी खात्याचा निधी आला तेव्हा त्याच रेषेवर दगडी अस्तर आणि नवी उघाडी झाली. दगडी काम गावाला जमलं नसतं आणि गावाने वाट पाहिली असती तर दगड लावायला बंधाराच उरला नसता.

पलीकडचा काठ

काम चालू असतानाच खाडीपलीकडच्या गावांतून निरोप आला. तुम्ही पाणी अडवलंत, आता ते आमच्या बंधाऱ्यावर चढेल. एवढ्या रुंद खाडीत एका खांडीने पातळी किती बदलेल याबद्दल मतं निराळी असू शकतात, पण भीती खरी होती आणि तिला हसण्यावारी नेलं नाही हे बरं झालं. दोन्ही काठांची माणसं एका उधाणाला एकमेकांच्या बंधाऱ्यावर चालली. पलीकडच्या बंधाऱ्यालाही दोन ठिकाणी आतून ओल होती, खेकड्यांच्या बिळांची. ती त्यांना माहीत नव्हती.

त्या फेरीतून जे उभं राहिलं त्याला नाव नाही, नोंदणी नाही. दोन्ही काठांवर बांबू, गोण्या आणि काथ्या यांचा साठा असतो. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांच्या तारखा सगळ्यांच्या मोबाइलवर जातात. मुंबई बंदराच्या तक्त्यात भरती साडेचार मीटरच्या वर दाखवली असेल त्या रात्री दोन-दोन माणसं बंधाऱ्यावर असतात. कोणाकडेही ओल दिसली तर पहिला फोन समोरच्या काठाला जातो, कार्यालयाला त्यानंतर.

जगातल्या लहान द्वीपराष्ट्रांनी याच गरजेतून १९९० मध्ये आपली आघाडी केली. एकट्या मालदीवचं किंवा एकट्या वानुआतूचं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं. वानुआतूने १९९१ मध्ये आघाडीच्या वतीने मागणी ठेवली, की समुद्र चढल्याने ज्यांचं नुकसान होतं त्यांच्यासाठी विम्यासारखी सोय करा. हानी आणि नुकसान भरपाईचा निधी उभारायला जगाने मान्यता दिली ती २०२२ मध्ये, इजिप्तमधल्या हवामान परिषदेत. मध्ये एकतीस वर्षं गेली. तिथेही हे पटवावं लागलं, की वादळासारखं एका दिवसात न येता हळूहळू चढणारं खारं पाणी हीसुद्धा आपत्तीच असते. खारेपाटातल्या शेतकऱ्याला तलाठ्यासमोर नेमकं हेच पटवावं लागतं.

समुद्र चढतोय याबद्दल आता वाद नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, असं आंतरशासकीय हवामान समितीचा सहावा अहवाल सांगतो. अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढली आहेत. मातीच्या बंधाऱ्याला वीतभर पाणी जास्त म्हणजे वर्षातल्या कित्येक जास्त रात्री धोक्याच्या. किनाऱ्यावरच्या लोकांना हवामान बदलाशी जुळवून घेता यावं म्हणून हरित हवामान निधीतून महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशासाठी प्रकल्प आला आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत खेकडापालनाला आणि मत्स्यपालनाला गटांना ९० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. हे सगळं हवंच आहे. पण बंधाऱ्यावर रोज फिरणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद कोणत्याही योजनेत मला सापडलेली नाही. नवी भिंत बांधायला पैसे मिळतात, जुनी राखायला मिळत नाहीत. इथे तो पगार उघाडीवरच्या मासळीतून निघतो. मासळी कमी लागली त्या वर्षी राखणदाराचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते आणि तरी तो फिरत राहिला. अशा माणसाच्या चांगुलपणावर तीन गावांची सुरक्षा टांगलेली असणं मला मान्य नाही. खारभूमी कायद्यात गावसमितीला राखणीचा हक्क आणि त्यासाठी दरवर्षीचा ठरावीक निधी, या दोन गोष्टी लिहून आल्या पाहिजेत.

आज काय स्थिती आहे

२०२३ च्या पावसाळ्यात शेतात काही पेरलं नाही. पावसाचं पाणी साठवायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा साठवायचं, असं करत मीठ धुतलं. २०२४ मध्ये मोड आलेलं बी फेकून रहू पद्धतीने पेरा केला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या खार सोसणाऱ्या जाती काहींनी घेतल्या. दोन-तीन घरांनी जपून ठेवलेला राताही पेरला. लाल तांदळाचा हा जुना वाण उंच वाढतो आणि साचल्या पाण्यातही उभा राहतो. पहिल्या वर्षी चकत्या-चकत्यांनी उगवलं, मध्ये पांढरे पट्टे तसेच. पुढच्या वर्षी पट्टे आक्रसले. घरांमागच्या खाचरांत पुन्हा जिताडा मासा सोडला गेलाय. तळ्याचं पाणी अजून पूर्वीसारखं नाही, पण त्यात डाळ शिजते.

बाहेर राहणाऱ्या मालकांपैकी निम्म्यांनी मजुरीचे पैसे दिले, निम्म्यांनी नाहीत. न देणाऱ्यांचं शेतही बंधाऱ्याने वाचवलंच, आणि त्यांच्याकडून वसूल करायचा कोणताही मार्ग समितीकडे नाही. काहींच्या जमिनी मधल्या काळात विकल्या गेल्या. नव्या मालकांना भात नको आहे, त्यांच्याशी बोलणं अजून सुरूही झालेलं नाही.

आणि चार घरांची जमीन वळशाच्या बाहेर राहिली. बंगालच्या सुंदरबनात २००९ च्या आयला वादळानंतर असेच मागे सरकवलेले बंधारे झाले आणि बाहेर राहिलेल्यांच्या भरपाईचे प्रश्न तिथेही उठले. इथल्या चार घरांनी बैठकीत होकार दिला होता. त्यांपैकी दोन घरांत कमावतं माणूस नाही. उघाडीच्या उत्पन्नातून त्यांना वाटा द्यायचं ठरलंय आणि दोन वर्षं तो दिलाही गेला, पण तो वर्षाच्या तांदळाच्या जवळपासही जात नाही. त्यांच्या बुडालेल्या शेतात आज डोक्याएवढे तिवर आहेत आणि तेच तिवर आतल्या बंधाऱ्याला लाटांपासून वाचवतात. म्हणजे तिघा गावांच्या रक्षणाचं काम त्यांची जमीन करते आहे. त्या कामाचा मोबदला कांदळवनाच्या योजनेतून, वनहद्दीबाहेरचं खाजगी कांदळवन राखल्याबद्दल वार्षिक रक्कम म्हणून मिळावा, असा अर्ज समितीने चारही घरांच्या सह्यांनिशी केला आहे. पलीकडच्या काठच्या समितीने त्याला पाठिंब्याचं पत्र जोडलं आहे. उत्तर आलेलं नाही. येत्या पिठोरीच्या उधाणाआधी पुन्हा जायचं ठरलंय, या वेळी दोन्ही काठांनी मिळून.